गुलामी संपवताना भरपाई मालकांना का मिळाली?

मुक्ता_वाचते

मंडळी, एक गोष्ट बरेच दिवस डोक्यात घोळतेय. २०१८ च्या फेब्रुवारीत ब्रिटनच्या अर्थखात्याने एक ट्वीट केलं होतं आणि लोकांनी झोडपल्यावर काढूनही टाकलं. आशय असा: तुम्हा लाखो करदात्यांनी गुलामांचा व्यापार संपवायला हातभार लावला आहे. १८३३ साली साम्राज्यातल्या सगळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी सरकारने २ कोटी पौंड खर्च केले, म्हणजे राष्ट्रीय अंदाजपत्रकाच्या ४० टक्के. ते कर्ज फिटायला २०१५ साल उजाडलं.

वाचून आधी वाटतं, काय दिलदार सरकार! मग कळतं की हे २ कोटी मालकांच्या खिशात गेले. ज्यांना पिढ्यान् पिढ्या राबवलं त्यांच्या हातावर छदामही ठेवला नाही.

माझे प्रश्न तीन. मालकांना भरपाई देण्यात तेव्हा कोणालाच काही वावगं वाटलं नाही का? १८३३ चं कर्ज २०१५ पर्यंत कसं काय रेंगाळतं, की हा आकड्यांचा खेळ आहे? आणि जगात कुठेतरी, कधीतरी एखाद्या माजी गुलामाच्या हातात रोख पैसे पडले का?

प्रवचन नको आहे, ते माझं मीच करू शकते. कागद, आकडे, नावं हवीत. वाचनगटाच्या पुढच्या बैठकीत हा विषय मला मांडायचा आहे आणि आमच्यातले एक काका दर वाक्याला "पुरावा?" असं विचारतात.

खतावणी

मुक्ताताई, तुमच्या काकांना माझा दंडवत सांगा, आमचा पिंड एकच. उभी नोकरी लेखापरीक्षणात गेली. निवृत्त झाल्यावर लोक तीर्थयात्रा करतात, मी जुन्या हिशेबांचे स्कॅन वाचत बसतो. गुलामीचा इतिहास मला भेटला तो असाच, ताळेबंदाच्या दाराने.

दुसरा प्रश्न आधी घेतो, तो सोपा आहे. २ कोटींपैकी दीड कोटी १८३५ साली कर्जाने उभे केले. नेथन रॉथशिल्ड आणि मोझेस मॉन्टेफिओरे यांच्या गटाने ते दिले. बदल्यात सरकारने जे रोखे काढले त्यांना मुद्दल परत करण्याची तारीखच नव्हती. व्याज देत राहायचं, बस. पुढे हे रोखे दुसऱ्या रोख्यांत विलीन होत गेले आणि २०१५ साली सरकारने असले उरलेसुरले बिनमुदतीचे रोखे एकदम फेडून टाकले. म्हणजे १८० वर्षं कोणी 'गुलाममुक्तीचा हप्ता' भरत होतं असं चित्र डोळ्यांपुढे आणू नका. इतर सरकारी कर्जात मिसळून गेलेलं ते व्याज होतं. पण ते करातून जात होतं हे खरं, आणि विसाव्या शतकात कॅरिबियन बेटांवरून ब्रिटनला येऊन बसचे कंडक्टर नि परिचारिका झालेल्या लोकांनीही तो कर भरला आहे. ट्वीटवर लोक चिडले ते यामुळे.

त्या ट्वीटमधलं 'साम्राज्यातले सगळे गुलाम' हेही खोटं. १८३३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख, सिलोन आणि सेंट हेलेना चक्क वगळले होते. हिंदुस्थानात १८४३ चा पाचवा कायदा आला. त्यात भरपाई नव्हती, आणि गुलाम ठेवणं हा गुन्हाही ठरवला नव्हता. कोर्टाने गुलामीचा हक्क मानायचा नाही, एवढंच त्यात होतं.

आता पहिला प्रश्न. वावगं वाटलेले लोक होते. गुलामीविरोधी चळवळीतले काही जण तेव्हाच ओरडत होते की भरपाई द्यायचीच तर राबणाऱ्याला द्या. पण संसदेत कॅरिबियन बेटांवरचे मळेवाले, त्यांचे सावकार आणि सोयरे बसलेले. मूळ प्रस्ताव मळेवाल्यांना दीड कोटीचं कर्ज देण्याचा होता. त्यांनी रेटा लावला आणि कर्जाचं अनुदान झालं, दीडचे दोन झाले. कायद्याची भूमिका सरळ होती: माणूस ही मालमत्ता, आणि मालमत्ता काढून घ्यायची तर मोबदला द्यायचा. ही भूमिका काही एका रात्रीत आली नव्हती. १७८१ साली झाँग नावाच्या जहाजावरून १३० हून जास्त जिवंत माणसं समुद्रात फेकली गेली. १७८३ साली लंडनच्या कोर्टात त्यावर खटला उभा राहिला तो विम्याच्या दाव्याचा. दरडोई ३० पौंड विमेकऱ्यांनी भरायचे की नाही, एवढाच वाद. खुनाचा खटला कोणावरही झाला नाही.

तुम्हाला कागद हवेत ना? मग भरपाईसाठी केलेल्या मूल्यांकनाचे तक्ते बघा. वर्गवारी, त्यापुढे संख्या, त्यापुढे मूल्य. मुकादम. कारागीर. कनिष्ठ कारागीर. शेतमजूर. कनिष्ठ शेतमजूर. घरकामाचे नोकर. मग '१ ऑगस्ट १८३४ रोजी सहा वर्षांखालील मुलं'. ही मुलं कायद्याने त्या दिवशी लगेच मोकळी होणार होती, तरी त्यांची किंमत मालकाला मिळाली. आणि सगळ्यात खाली 'वृद्ध, आजारी किंवा अन्यथा बिनकामाचे'. त्या ओळीपुढेही रक्कम आहे. यंत्राचा पूर्ण घसारा काढला तरी पुस्तकात भंगाराची किंमत ठेवतात, मी स्वतः शेकडो ताळेबंदांत ती तपासली आहे. इथे त्या ओळीत माणसं आहेत.

दर वसाहतीगणिक वेगळे. १८२२ ते १८३० या काळातल्या विक्रीच्या किमतींची सरासरी धरली होती. गयानात मजुरांची चणचण, म्हणून तिथे माणशी ५० पौंडांच्या वर. जमैकात २० च्या आसपास. सुमारे ८ लाख माणसं आणि ४६ हजारांच्या आसपास दावे. सगळे दावेदार काही साखरसम्राट नव्हते. ब्रिटनमधल्या कुठल्याशा गावात राहणारी विधवा, जिला नवऱ्याच्या मृत्युपत्राने दोन-तीन गुलामांचा वाटा आलेला, तिनेही अर्ज केला. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजने हे सगळे दावे नावानिशी ऑनलाइन ठेवले आहेत. काकांना तिथे बसवा, रात्र निघून जाईल.

मोठ्या दावेदारांतला एक म्हणजे जॉन ग्लॅडस्टन. २,५०८ माणसांमागे १,०६,७६९ पौंड. याचा मुलगा विल्यम पुढे चार वेळा पंतप्रधान झाला. १८३३ मध्ये याच विधेयकाच्या चर्चेत बापाच्या मळ्यावरच्या कारभाराचा बचाव करायला तो उभा राहिला होता.

आणि मुक्तीनंतर काय? शिकाऊ उमेदवारी! नाव असं, काम तेच. मळ्यावरच्या माणसाने आठवड्याला ४५ तासांपर्यंत त्याच मालकाकडे बिनपगारी राबायचं. हे सहा वर्षं चालायचं होतं, पण एवढी बोंब झाली की १ ऑगस्ट १८३८ ला गुंडाळावं लागलं. म्हणजे मालकाला मोबदला दोनदा: एकदा रोखीत, एकदा श्रमात. त्याच १८३८ साली ग्लॅडस्टनच्या खटपटीने व्हिटबी आणि हेस्परस ही दोन जहाजं हिंदुस्थानातून करारबद्ध मजूर घेऊन डेमेराराला, म्हणजे गयानात, पोचली. मॉरिशसला तर १८३४ पासूनच सुरुवात झाली होती.

तिसऱ्या प्रश्नावर रात्री लिहितो.

तिसरा_डोळा

माहिती चांगली आहे, पण धागा एकतर्फी चाललाय. आफ्रिकेतले राजेच माणसं पकडून विकत होते, हे कोणी बोलणार आहे का? अरबांनी हा धंदा हजार वर्षं केला, त्यांच्याकडे भरपाई कोण मागतो? ब्रिटनने निदान गुलामी बंद तरी केली, आपल्या आरमाराने जहाजं अडवली. ज्याने बंद केली त्यालाच झोडायचं, हा कुठला न्याय?

दर्यावर्दी

@तिसरा_डोळा, बोलूया की. दाहोमी आणि असांते ही पश्चिम आफ्रिकेतली राज्यं या व्यापारावर गबर झाली, यात वाद नाही. अरबांचं म्हणाल तर बसऱ्याजवळच्या खारपट जमिनीवर राबणाऱ्या पूर्व आफ्रिकी गुलामांनी ८६९ साली बंड केलं आणि ते १४ वर्षं चाललं. झांजिबारचा गुलामबाजार बंद झाला १८७३ साली. सौदी अरेबियाने गुलामी रद्द केली १९६२ मध्ये, ओमानने १९७० मध्ये आणि मॉरिटानियाने १९८१ मध्ये. गुलाम ठेवणं हा गुन्हा ठरवायला मॉरिटानियाने आणखी २६ वर्षं घेतली. सौदीतही मोबदला मालकांनाच मिळाला, तेव्हा तुमचा मुद्दा मुक्ताताईंच्या प्रश्नाला बळकटीच देतो.

पण सगळं एका मापाने मोजता येत नाही. अटलांटिकपार नेण्यासाठी सुमारे सव्वा कोटी माणसं जहाजांवर चढवली, उतरली एक कोटी सात लाखांच्या आसपास. बाकीची पाण्यात. पन्नास लाखांच्या घरात माणसं एकट्या ब्राझीलने घेतली, आजच्या अमेरिकेच्या भूमीवर थेट उतरली ती चार लाखांहून कमी. मग तिथे १८६० मध्ये ४० लाखांच्या जवळपास गुलाम कुठून आले? जन्माने. व्हर्जिनियाने १६६२ मध्येच कायदा केला होता की मूल आईच्या दर्जाचं. म्हणजे मालकाने गुलाम बाईवर जबरदस्ती केली तर होणारं मूल त्याच्याच मालमत्तेत जमा. हिंदी महासागराकडे मलिक अंबरसारखा इथियोपियातून विकला गेलेला पोरगा निजामशाहीचा कर्ताधर्ता होऊ शकला. व्हर्जिनियात त्याला वाचायला शिकवणंही पुढे कायद्याने बंद झालं. अर्थात अंबर झाला म्हणून इकडची गुलामी सौम्य होती असं कोणी म्हणू नका. त्याच समुद्रातून जनानखान्यांत आणि स्वयंपाकघरांत गेलेल्या बायकांची नावं कोणाला ठाऊक आहेत?

अवांतर: पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसांच्या बदल्यात काय दिलं जायचं? बंदुका आणि दारू सगळ्यांना माहीत असते. पण त्यात मालदीवच्या कवड्या होत्या आणि गुजरात-कोरोमंडलचं सुती कापडही मोठ्या प्रमाणात होतं. कवड्या जहाजाच्या तळाला वजन म्हणून भरून युरोपात न्यायच्या, तिथून आफ्रिकेला. त्या साखळीत कोण कोण होतं ते बघायला बसलं तर बोट दाखवायला जागा पुरणार नाही.

उपरा

हैतीचं कोणीच काढलं नाही? फ्रान्सच्या या जुन्या कॅरिबियन वसाहतीत तर उलटी गंगा आहे. गुलामांनी स्वतः लढून, नेपोलियनची फौज हरवून १ जानेवारी १८०४ ला स्वातंत्र्य घेतलं. १८२५ मध्ये फ्रान्सच्या दहाव्या चार्ल्सने १४ युद्धनौका पाठवून कळवलं की स्वातंत्र्याला मान्यता हवी तर आमच्या मळेवाल्यांचं नुकसान भरून द्या, १५ कोटी फ्रँक. शिवाय फ्रेंच मालावर निम्मीच जकात.

पहिलाच हप्ता ३ कोटींचा. हैतीकडे एवढे पैसे नव्हते. मग पॅरिसच्याच बँकवाल्यांनी ३ कोटींचं कर्ज दिलं आणि त्यातले ६० लाख स्वतःकडे कापून घेतले. हातात आले २ कोटी ४० लाख, व्याज पूर्ण ३ कोटींवर! कर्ज घेतलं फ्रान्सकडून, फेडलं फ्रान्सला, आणि वळतं करायला कॉफीवरची जकात हैतीची. १८३८ मध्ये उरलेली रक्कम घटवून एकूण ९ कोटींवर आणली, पण कर्ज फेडायला नवं कर्ज हे चक्र चालूच राहिलं. १९१४ च्या डिसेंबरात अमेरिकी नौसैनिकांनी तिथल्या राष्ट्रीय बँकेतून ५ लाख डॉलरचं सोनं उचलून न्यूयॉर्कला नेलं, दुसऱ्या वर्षी देशच ताब्यात घेतला आणि १९३४ पर्यंत सोडला नाही. या कर्जांचं शेवटचं शेपूट सुटलं १९४७ मध्ये.

२००३ मध्ये अध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे परतावा मागितला: २१,६८,५१,३५,५७१ डॉलर आणि ४८ सेंट. त्या ४८ सेंटवर बरेच हसले. पुढच्या वर्षी आरिस्तीद सत्तेबाहेर होते. कुठल्याही बातमीत 'जगातल्या गरीब देशांपैकी एक' एवढं लिहून हैतीला मोडीत काढतात ना, तेव्हा माझं डोकं फिरतं.

खतावणी

उपरा, ४८ सेंटवर मी हसणार नाही. हिशेब मांडणाऱ्याने पैशापर्यंत मांडायचा असतो.

मुक्ताताईंचा तिसरा प्रश्न. सरकारने ठरवून, सरसकट, माजी गुलामांना रोख भरपाई दिली असं मला कुठेही सापडलेलं नाही. जवळ पोचल्यासारखं झालं ते अमेरिकेत, यादवी युद्धाच्या शेवटी, जानेवारी १८६५ मध्ये. उत्तरेच्या सैन्यातल्या जनरल शर्मनने दक्षिण कॅरोलिना ते फ्लोरिडा या किनारपट्टीवरची जमीन ४० एकरांपर्यंतच्या तुकड्यांत माजी गुलाम कुटुंबांना देण्याचा हुकूम काढला. सुमारे ४० हजार माणसं तिथे वसली, पेरणी केली. एप्रिलमध्ये लिंकनचा खून झाला आणि वर्षाच्या आत नवे अध्यक्ष जॉन्सन यांनी बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत दिली. उभ्या पिकासकट लोकांना हटवलं. त्यानंतर वाटेकरी शेती आली, आणि वर्षअखेर मालकाच्याच वहीत कर्ज निघायचं. गुलामी बंद करणाऱ्या तेराव्या घटनादुरुस्तीत 'गुन्ह्याची शिक्षा म्हणून सोडून' अशी पळवाट होती. ती धरून कैदी भाड्याने देण्याचा धंदा सुरू झाला. भटकंतीच्या आरोपावरून माणूस पकडायचा नि खाणीत पाठवायचा. अलाबामाने हे बंद केलं १९२८ मध्ये.

वॉशिंग्टन शहराची गंमत वेगळीच. तिथे एप्रिल १८६२ मध्ये, युद्ध चालू असताना, मालकांना माणशी ३०० डॉलरपर्यंत देऊन मुक्ती झाली. किंमत ठरवायला बाल्टिमोरहून गुलामांचा एक व्यापारीच बोलावला. दुसरा तज्ज्ञ आणणार कुठून? मुक्त झालेल्याला १०० डॉलरपर्यंत मिळणार होते, पण देश सोडून हैती किंवा लायबेरियाला जात असेल तर. त्या दावेदारांत गॅब्रिएल कोकली हा एक कृष्णवर्णीय माणूस आहे. त्याने आपली बायको-मुलं आधीच विकत घेऊन सोडवली होती, म्हणून कागदोपत्री ती त्याची मालमत्ता. पठ्ठ्याने रीतसर दावा लावला आणि सरकारकडून जवळपास दीड हजार डॉलर घेतले. त्या फाइलवर माझा जीव आहे.

वैयक्तिक दाव्यांत मात्र एक नाव पक्कं. हेन्रिएटा वूड. केंटकीत गुलाम म्हणून जन्मली, १८४८ मध्ये सिनसिनाटीत कायदेशीर मुक्त झाली. १८५३ मध्ये तिला फसवून नदीपलीकडे, गुलामी चालू असलेल्या केंटकीत, नेलं आणि परत विकलं. मिसिसिपीच्या कापूसमळ्यावर गेली, युद्धात मालकाने तिला टेक्सासला पिटाळलं. १८७० मध्ये तिने आपल्याला विकणाऱ्या झेब्युलन वॉर्डवर २० हजार डॉलरचा दावा ठोकला. ज्युरी सगळे गोरे. १८७८ मध्ये निकाल तिच्या बाजूने: २,५०० डॉलर. मागितल्याच्या आठवा हिस्सा, पण गुलामीपोटी अमेरिकी कोर्टाने दिलेली ही सर्वांत मोठी ज्ञात रक्कम आहे आणि ती तिला मिळाली. मुलगा आर्थर पुढे शिकागोत वकील झाला. वारसा वारसा म्हणतात तो असाही असतो, २,५०० डॉलर एका घरात गेले तर काय होतं ते इथे दिसतं.

आणि माझा आवडता कागद शेवटी. टेनेसीचा जुना मालक जॉर्डन अँडरसनला लिहितो, परत कामाला ये. ऑगस्ट १८६५ मध्ये ओहायोतून जॉर्डनने पत्राने उत्तर दिलं. मी ३२ वर्षं राबलो, माझी बायको मँडी २० वर्षं. माझे महिना २५ डॉलर, तिचे आठवड्याला २, एकूण ११,६८० होतात. त्यावर व्याज धरा. त्यातून आमच्या कपड्यांचा खर्च, माझ्यासाठी डॉक्टरच्या तीन फेऱ्या आणि मँडीचा एक दात उपटल्याचे पैसे वजा करा आणि बाकी पाठवा, मग तुमच्या शब्दावर विश्वास ठेवायचा की नाही ते बघू. मी बेरीज तपासली. ९,६०० अधिक २,०८०. बरोबर आहे. वजावट स्वतःहून दाखवलेली मी फार थोड्या हिशेबांत पाहिली आहे.

मुक्ता_वाचते

खतावणीसाहेब, जॉर्डनचं पत्र मी बैठकीत पूर्ण वाचून दाखवणार, काका गप्प बसले तर इथे कळवते. दर्यावर्दी आणि उपरा, दोघांचेही आभार. एक शंका राहिली. सगळ्यात जास्त माणसं ब्राझीलला गेली म्हणता, मग तिथल्या मालकांना किती मिळाले?

दर्यावर्दी

काही नाही. १३ मे १८८८ चा ब्राझीलचा कायदा जेमतेम दोन कलमांचा. गुलामी रद्द, आणि याविरुद्ध असलेलं सगळं रद्द. भरपाईचा शब्द नाही. जमीनदार खवळले, दीड वर्षात राजेशाही कोसळली आणि ते नव्या प्रजासत्ताकाकडे दावे घेऊन गेले. अर्थमंत्री रुई बार्बोझा यांनी डिसेंबर १८९० मध्ये हुकूम काढला की सरकारी कचेऱ्यांतली गुलामांच्या मालकीची कागदपत्रं जाळून टाका. कागद नाही, तर दावाही नाही. मालकांची तोंडं बंद झाली खरी, पण मुक्त झालेल्यांनाही जमीन किंवा पैसा काहीच मिळालं नाही. आणि आज आपले पूर्वज शोधणाऱ्यांना त्याच कागदांची उणीव भासते. सुदैवाने सगळंच काही जळलं नाही. चर्चमधल्या बाप्तिस्म्याच्या नोंदी आणि नोटरींची दप्तरं शिल्लक आहेत, शोध तिथूनच सुरू करावा लागतो.